द्वेष नसलेला वर्णद्वेष

डेट्रॉइट शहराच्या उत्तर टोकाला, एट माइल रोडला लागून, घरांच्या परसांमधून एक भिंत गेली आहे. उंची सहा फूट, जाडी एक फूट, लांबी साधारण अर्धा मैल. दोन्ही बाजूंना सारखीच घरं, सारखीच हिरवळ. भिंत कारखान्याची नाही, रेल्वेची नाही, पुराचं पाणी अडवायलाही बांधलेली नाही. १९४१ साली एका बिल्डरने ती घातली. त्याला तिथे फक्त गोऱ्यांसाठी नवी वसाहत उठवायची होती आणि तिथल्या घरकर्जांना सरकारी हमी हवी होती. सरकारी खात्याने नकार दिला. शेजारीच कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती होती आणि अशा वस्तीला खेटून असलेल्या घरावरचं कर्ज बेभरवशाचं, असं खात्याचं म्हणणं. बिल्डरने तोडगा काढला, मध्ये भिंत घातली. मग कर्जं मंजूर झाली.

या बिल्डरला कृष्णवर्णीयांचा तिरस्कार होता का? असेल किंवा नसेल. त्याला हमी हवी होती. हमी देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे नियमांचं पुस्तक होतं आणि त्याला त्याबरहुकूम चालायचं होतं. घर घेणाऱ्या तरुण जोडप्याला परवडणारं घर हवं होतं. तिघंही आपापल्या परीने सज्जन असतील. भिंत आजही उभी आहे. पुढे रहिवाशांनी तिच्यावर रंगीत चित्रं काढली.

मराठीत आपण ‘रेसिझम’ला वर्णद्वेष म्हणतो. दक्षिण आफ्रिकेच्या बातम्या छापता छापता वर्तमानपत्रांनी हा शब्द रुळवला. शब्द ठसठशीत आहे, पण त्याने एक घोटाळा करून ठेवला आहे. रोगाचं निदानच त्याने द्वेष असं करून टाकलं. मग माणूस आपल्या मनात डोकावतो, ‘मी कुणाचा द्वेष करतो का?’ असं विचारतो, ‘नाही बुवा’ असं उत्तर मिळवतो आणि निश्चिंत होतो. जातीच्या बाबतीत मात्र आपली भाषा जास्त शहाणी निघाली. आपण जातिद्वेष म्हणत नाही, जातिभेद म्हणतो. भेद पाळायला द्वेष लागत नाही, हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. कित्येक घरांतल्या आज्या दाराशी आलेल्या माणसाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायच्या आणि ओतता ओतता त्याच्या लेकराबाळांची मायेने चौकशीही करायच्या. ती माया खोटी नव्हती. पाणी मात्र वरूनच पडायचं.

अमेरिकेतल्या ज्या गोष्टीला हल्ली ‘सिस्टेमिक रेसिझम’ म्हणतात ती या वरून पडणाऱ्या पाण्याच्या जातीची आहे. व्यवस्थेतला वंशभेद, असं आपण म्हणू. स्टोकली कारमायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६७ साली ‘ब्लॅक पॉवर’ या पुस्तकात तो वेगळा काढून दाखवला. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये १९६३ साली चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार कृष्णवर्णीय मुलींचा जीव घेण्यात आला, तेव्हा देश हळहळला. पण त्याच शहरात दरवर्षी पाचशे कृष्णवर्णीय तान्ही मुलं अन्न, निवारा, औषधपाणी यांच्या अभावी दगावतात, त्याचं काय, असं त्यांनी विचारलं. बॉम्ब ठेवणारा सापडू शकतो. पाचशे मुलांचा मारेकरी कुठे शोधणार?

कागदांत शोधायचा. आणि कागदांतही आधी घरांच्या कागदांत. तुरुंग, पोलीस, दवाखाने यांच्याही कहाण्या आहेत, पण अमेरिकेत घर कुठे आहे यावरून बाकी बरंच काही ठरतं, म्हणून मी घरापाशीच थांबते.

मंदीच्या ऐन कडाक्यात, १९३३ साली, लोकांची गहाण घरं धडाधड जप्त होत होती. ती वाचवण्यासाठी रूझवेल्ट सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन नावाचं महामंडळ काढलं. त्याने पुढे दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करवून घेतले. गल्लीगल्लीला रंग दिला. हिरवा म्हणजे उत्तम, निळा म्हणजे चांगला, पिवळा म्हणजे उतरणीला लागलेला, आणि तांबडा म्हणजे धोक्याचा. प्रत्येक भागासाठी छापील फॉर्म होता आणि त्यात इमारतींचं वय, रहिवाशांचा धंदा यांच्याबरोबर ‘निग्रो किती टक्के’ असाही रकाना होता. हे नकाशे आता रिचमंड विद्यापीठाच्या ‘मॅपिंग इनइक्वॅलिटी’ या प्रकल्पाने सगळ्यांना पाहता येतील असे खुले केले आहेत. फॉर्म वाचताना अंगावर काटा येतो तो त्यातल्या शिव्यांमुळे नाही. शिव्या फारशा नाहीतच. येतो तो भाषेच्या कोरडेपणाने. जणू एखादा तलाठी जमिनीची प्रतवारी लिहितो आहे.

इथे एक सावधगिरी. या नकाशांवर अलीकडे इतकं लिहिलं गेलं की सगळं पाप त्यांच्याच माथी मारलं जातं. ते खरं नाही. महामंडळाची बहुतेक कर्जं नकाशे होण्याआधीच वाटून झाली होती आणि तांबड्या ठरलेल्या भागांतही ती दिली गेली होती. तांबड्या भागांत राहणारे बहुसंख्य लोक तर गोरेच होते. पण गोरे चारही रंगांत विखुरलेले होते आणि कृष्णवर्णीय जवळजवळ सगळे तांबड्यात. फरक तिथे आहे.

खरा घाव घातला तो दुसऱ्या खात्याने, १९३४ साली निघालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने. डेट्रॉइटच्या भिंतीच्या गोष्टीतलं खातं ते हेच. त्याआधी अमेरिकेत घर घ्यायचं तर निम्मी रक्कम रोख मोजावी लागे आणि उरलेली पाच-दहा वर्षांत फेडावी लागे. या खात्याने बँकांना सांगितलं, कर्जदाराने पैसे बुडवले तर आम्ही भरू. त्या एका हमीवर बँका वीस-पंचवीस वर्षांच्या मुदतीने, थोडक्या रोख रकमेवर कर्जं देऊ लागल्या. अमेरिकेचा मध्यमवर्ग त्यातून उभा राहिला. आणि हमी कुणाला द्यायची याच्या नियमावलीत ‘विसंगत’ वंशाचे लोक जवळपास असणं हा उणा गुण होता. त्यांना दूर ठेवणारी अट खरेदीखतात असेल तर तो अधिक गुण. मध्ये टेकडी, मोठा रस्ता किंवा तत्सम अडसर असेल तर तोही अधिक.

खरेदीखतातली अट अशी असायची की हे घर कॉकेशियन वंशाखेरीज कुणाला विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. मालक बदलला तरी अट घराला चिकटलेली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन उभं राहिलं. सतरा हजारांहून जास्त घरं, किंमत आठ हजार डॉलरच्या आत, महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना जवळपास भाड्याच्या हप्त्यात मालकी. तिथल्या सुरुवातीच्या करारात हीच अट होती आणि तिच्यापुढे एक सवलत होती, घरकामाला ठेवलेली माणसं इतर वंशांची चालतील. (आपल्याकडच्या काही सोसायट्यांतल्या दोन लिफ्ट वाचकाला आठवल्या तर त्याचा दोष नाही.) सैनिक तर कृष्णवर्णीयही होते. युद्धावरून आलेल्यांना घर, धंदा, शेती यांसाठी सरकारी हमीचं कर्ज मिळेल असा कायदा १९४४ साली झाला होता आणि त्यात वंशाचा उल्लेखही नव्हता. पण कर्ज द्यायचं होतं गावातल्या बँकेने. १९४७ साली मिसिसिपीत अशी ३,२०० हून अधिक कर्जं दिली गेली, त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली फक्त दोन.

खरेदीखतातल्या या अटी न्यायालयाने अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली सेंट लुइसच्या शेली कुटुंबाच्या खटल्यात दिला. नऊपैकी सहाच न्यायाधीश बसले. तिघे बाजूला झाले. त्यांच्या स्वतःच्या घरांच्या कागदांत तीच अट असावी, असं तेव्हापासून मानलं जातं. अट लिहिणं, पाळणं याला मात्र १९६८ चा गृहनिर्माण कायदा होईपर्यंत बंदी नव्हती. तो कायदा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याने झाला.

शिकागोला मी भाच्याकडे गेले होते. तो नेपरव्हिलला राहतो. शिकागोतली बरीच मराठी माणसं अशीच नेपरव्हिल, शॉमबर्ग वगैरे उपनगरांत राहतात. शहर बघून आम्ही आयझेनहॉवर एक्सप्रेसवेने परत निघालो होतो. एके ठिकाणी मी म्हटलं, जरा इथे उतरून चहा-कॉफी घेऊ या. तो म्हणाला, “नको गं मावशी, हा एरिया बरा नाही.” मी विचारलं, कशाने बरा नाही? त्याला सांगता आलं नाही. त्याला तो आला तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं, तेच तो मला सांगत होता. डावीकडचा तो भाग नॉर्थ लॉनडेल. घरी आल्यावर मी वाचायला घेतलं.

क्लाइड रॉस नावाचा माणूस १९६१ साली नॉर्थ लॉनडेलमध्ये घर घ्यायला गेला. मूळचा मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा. लहानपणी कर थकला असं सांगून त्याच्या वडिलांची जमीन गोऱ्या अधिकाऱ्यांनी काढून घेतली होती. वडिलांना वाचता येत नव्हतं, वकील नव्हता. पोराचा लाडका घोडाही गोऱ्यांनी नेला आणि हातावर सतरा डॉलर टेकवले. मोठा झाल्यावर रॉस लष्करात गेला, मग शिकागोत आला, सूपच्या कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. बँक कर्ज देईना, कारण कृष्णवर्णीय वस्तीतल्या घराला सरकारी हमी नव्हती. मग त्याने ‘कराराने’ घर घेतलं. किंमत २७,५०० डॉलर. तेच घर विकणाऱ्याने सहा महिने आधी १२,००० ला घेतलं होतं.

कराराची गोम समजून घ्यायला हवी. घर ताब्यात मिळे पण मालकी नाही. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खत विकणाऱ्याच्याच नावावर. तोवर भिंत कोसळो, बॉयलर फुटो, दुरुस्ती घेणाऱ्याने करायची, कर त्याने भरायचा. एक हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले सगळे पैसेही गेले, आणि विकणारा तेच घर पुढच्या गिऱ्हाइकाला विकायला मोकळा. भाडेकरूचे हक्क नाहीत, मालकाचेही नाहीत, आणि दोघांच्या जबाबदाऱ्या मात्र आहेत. कुळाला सावकाराच्या वहीत अडकवायची आपली जुनी रीत ज्यांनी पाहिली किंवा ऐकली आहे त्यांना यात काही नवं वाटणार नाही. रॉस हप्ते भरण्यासाठी कारखान्यातली नोकरी सांभाळून पोस्टात दुसरी करायचा आणि वर पिझ्झा पोचवायचा.

ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१९ साली या व्यवहारांचा हिशेब मांडला. १९५० आणि १९६० च्या दशकांत शिकागोतल्या कृष्णवर्णीयांना विकल्या गेलेल्या घरांपैकी ७५ ते ९५ टक्के घरं कराराने विकली गेली होती. विकणाऱ्याने मोजलेल्या किमतीवर सरासरी ८४ टक्के वाढ. त्या एका शहरातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडून वीस वर्षांत निघून गेलेली रक्कम आजच्या हिशेबाने ३ ते ४ अब्ज डॉलर. दलाल गोऱ्या घरमालकांना आधी घाबरवत, ‘काळे येताहेत, भाव पडण्याआधी विका.’ ते मिळेल त्या किमतीला विकून उपनगरात जात, जिथे त्यांना हमीचं कर्ज तयार असे. दलाल तेच घर चढ्या भावाने दुसऱ्या दाराने विकत. हप्ते भरण्यासाठी एका घरात दोन-दोन कुटुंबं राहू लागली, आईबाप दोन-दोन पाळ्या करू लागले, डागडुजी राहून गेली. भाच्याच्या ‘एरिया’चं बरंचसं उत्तर यात आहे.

आता पाठीराख्यांविषयी. इंग्रजीत हल्ली त्यासाठी ‘अ‍ॅलाय’ म्हणतात. आपला शब्द मला जास्त आवडतो, कारण त्यात जागा सांगितलेली आहे. पाठीराखा पाठीशी असतो.

२०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिस शहरात पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडचा जीव घेतला. त्यानंतर आठवड्याभरात लाखो लोकांनी निषेधाची खूण म्हणून इन्स्टाग्रामवर काळा चौकोन टाकला. वंशभेदावरची पुस्तकं विक्रीच्या याद्यांमध्ये वर गेली. रॉबिन डिअँजेलो यांचं ‘व्हाइट फ्रॅजिलिटी’ हे त्यांतलं गाजलेलं. यातली पुष्कळशी पुस्तकं वाचणाऱ्याच्या मनाची साफसफाई करतात. तीही होऊ द्यावी. पण मन साफ झालं म्हणून खरेदीखत साफ होत नाही, आणि त्या पुस्तकांचं मुख्य पात्र शेवटी वाचणारा स्वतःच होऊन बसतो. सुरुवात करायचीच तर रिचर्ड रॉथस्टाइन यांचं ‘द कलर ऑफ लॉ’ किंवा बेरिल सॅटर यांचं ‘फॅमिली प्रॉपर्टीज’ घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांत कायदे आहेत, हिशेब आहेत, पत्ते आहेत.

बेरिल सॅटर यांचे वडील मार्क सॅटर शिकागोतले ज्यू वकील. १९५० च्या दशकापासून ते करारात अडकलेल्या कुटुंबांचे खटले लढवत, वर्तमानपत्रांत लिहीत. १९६५ साली, पन्नाशीही न गाठता, ते वारले. मुलीने त्यांचं चरित्र लिहिताना एक गोष्ट दडवली नाही. लॉनडेलमध्ये मार्क यांच्या स्वतःच्याही भाड्याच्या इमारती होत्या. म्हणजे ज्या चाकाशी ते झुंजत होते त्याच्या एका आऱ्याला तेही धरून होते. सोवळा पाठीराखा मिळेपर्यंत थांबायचं म्हटलं तर कुणीच मिळणार नाही.

मग १९६७ साली जॅक मॅकनमारा नावाचा जेझुइट संस्थेतला तरुण कॉलेजच्या काही मुलांना घेऊन लॉनडेलमध्ये राहायला गेला. गोरी, खात्यापित्या घरची मुलं. त्यांनी काय केलं? दारोदार जाऊन ऐकलं. हप्त्यांची गोष्ट पुन्हा पुन्हा निघते हे लक्षात आल्यावर ती नोंदणीच्या कचेरीत जाऊन बसली. एकेका घराचा जुना दस्त काढायचा, विकणाऱ्याने किती मोजले ते पाहायचं, घेणाऱ्याकडून किती लावले ते शेजारी लिहायचं. कंटाळवाणं काम. पण त्या दोन आकड्यांनी एक मोठी गोष्ट केली. आपलं काहीतरी चुकलं, आपण फसलो, या शरमेने जो तो गप्प होता. शेजारच्याचेही तेच आकडे दिसल्यावर शरम संपली. रूथ वेल्स या बाईने पहिल्यांदा विकणाऱ्याला तोंडावर जाब विचारला. बैठका भरू लागल्या, ‘काँट्रॅक्ट बायर्स लीग’ उभी राहिली. बोलायला क्लाइड रॉससारखे तिथलेच लोक पुढे होते. १९६८ च्या अखेरीस शेकडो कुटुंबांनी हप्ते भरणं बंद केलं. पोलिसांनी सामान रस्त्यावर काढलं की शेजारी जमून ते परत आत नेऊन लावत.

बऱ्याच कुटुंबांचे करार बदलून मिळाले. न्यायालयात मात्र १९७६ साली ती ज्यूरीपुढे हरली. आणि त्याच वर्षी वॉशिंग्टन शहरातल्या पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमाचा परिणाम एका वंशावर जास्त वाईट होतो एवढं दाखवून घटनाभंग सिद्ध होत नाही. भेद करण्याचा हेतू दाखवावा लागेल. पुढच्याच वर्षी शिकागोच्या आर्लिंग्टन हाइट्स या उपनगराचा खटला आला. तिथल्या एका धर्मसंस्थेने आपल्या जागेवर कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी १९० घरं बांधू द्यायचं ठरवलं होतं. गावाने झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधता येईल याचे नियम, बदलायला नकार दिला. १९७० च्या जनगणनेत त्या गावातल्या ६४,००० लोकांत कृष्णवर्णीय होते २७. न्यायालय म्हणालं, हेतू सिद्ध झालेला नाही. म्हणजे कायद्यानेही अखेर ‘द्वेष दाखवा’ असंच म्हटलं. आपल्या वर्णद्वेष या शब्दाने केलेला घोटाळा वॉशिंग्टनच्या न्यायाधीशांनीही केला, असं मी म्हणेन.

परिणामांची यादी मोठी आहे, दोन-तीनच गोष्टी सांगते. अमेरिकन मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. सामान्य कुटुंबाची संपत्ती म्हणजे मुख्यतः घर, आणि घर आजोबांनी घेतलेलं असेल तर त्यावर वडील शिकतात. शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो, त्यामुळे महागड्या घरांच्या गावात चांगली शाळा, आणि चांगली शाळा म्हणून घरं आणखी महाग. हे घटनेला धरून आहे, असंही सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली सांगून टाकलं. आणि उन्हाळ्याचंच बघा. १०८ शहरांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पूर्वी तांबडे ठरलेले भाग आजही बाकीच्यांपेक्षा सरासरी अडीच अंश सेल्सिअसहून अधिक तापतात. झाडं कमी, डांबर आणि काँक्रीट जास्त.

यात आपला काय संबंध, हा प्रश्न भाच्याने मला विचारला. “आम्ही तर परवा-परवा आलो. मेरिटवर आलो.” खरं आहे. पण येऊ दिलं म्हणून आलात. १९२३ साली भगतसिंग थिंड या पंजाबी शीख गृहस्थांचा नागरिकत्वाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या लष्करात होते. नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळत होतं. नियम चूक आहे, असं थिंड यांच्या बाजूने कुणी म्हटलं नाही. आम्ही उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरेच, असा युक्तिवाद झाला. त्यात असंही सांगितलं गेलं की लग्नसंबंधांच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिम जातींकडे तसाच पाहतो जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो. म्हणजे आमचाही भेद तुमच्याइतकाच कडक आहे, आता आत घ्या. न्यायालयाने एकमताने नाही म्हटलं. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं अशा कित्येक भारतीयांचंही काढून घेण्यात आलं. १९४६ मध्ये वर्षाला शंभर भारतीयांचा कोटा मिळाला. दार खरं उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. तो ज्या संसदेने केला तिनेच त्याच वर्षी मतदान हक्काचा कायदा आणि आदल्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा केला होता. वंशावरून माणूस निवडणं लाजिरवाणं आहे, ही गोष्ट कृष्णवर्णीयांनी लाठ्या, कुत्री, पाण्याचे फवारे सोसून त्या देशाच्या गळी उतरवली होती. शिवाय त्या कायद्यामुळे आपल्याकडून आधी आत गेले ते बहुतेक शिकलेलेच. चाळणीतून निवडून आलेल्यांची तुलना चार शतकं अडवून ठेवलेल्यांशी करायची आणि वर ‘आम्ही बघा कसे कष्टाने’ म्हणायचं, हे आपल्या मंडळांच्या स्नेहभोजनांत ऐकू येतं. ‘कल्लू’ हा शब्दही ऐकू येतो.

थिंड यांच्या खटल्याच्या बरोबर पन्नास वर्षं आधी, १८७३ साली, अमेरिका कधीही न पाहिलेल्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं. ते त्यांनी अर्पण केलं गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. म्हणजे पाठीराख्यांनाच. आणि १९४६ च्या जुलैत डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र पाठवलं. निग्रो लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं कळलं, त्याच्या दोन-तीन प्रती मिळतील का, अशी विचारणा त्यात होती. दु बॉइस यांनी महिन्याच्या आत उत्तर दिलं. मराठीत या विषयाचा वारसा असा आहे. कागद मागवून वाचण्याचा.

आजही ते काम कुणालाही करता येतं. जॉर्ज फ्लॉइड ज्या शहरात मारला गेला त्या मिनियापोलिसमध्ये, त्याच्या चार वर्षं आधीच, मिनेसोटा विद्यापीठाने ‘मॅपिंग प्रेजुडिस’ हा प्रकल्प सुरू केला होता. हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून जुनी खरेदीखतं पडद्यावर वाचली आणि वंशाची अट असलेलं एकेक घर नकाशावर लावलं. २०१९ साली मिनेसोटाने घरमालकाला अशी अट नाकारल्याची नोंद आपल्या खताला जोडता येईल असा कायदा केला. शिकागोला लागून असलेल्या इव्हनस्टन गावाने २०२१ साली आणखी पुढचं पाऊल टाकलं. १९१९ ते १९६९ या काळात गावात राहिलेल्या कृष्णवर्णीयांना आणि त्यांच्या वारसांना घरासाठी प्रत्येकी २५,००० डॉलर द्यायचं मंजूर केलं. पैसा सुरुवातीला गांजाच्या विक्रीवरच्या करातला. रक्कम थोडी आहे आणि तिच्यावर टीका खूप झाली, पण गावाने नुकसानीचा आकडा लिहिला तरी.

तुमचं कुणी तिकडे असेल, मुलगी, जावई, पुतण्या, तर पुढच्या फोनवर एवढं विचारा: घराचे जुने दस्त कधी वाचलेस का? काउंटीच्या कचेरीत नकला मिळतात. माझ्या भाच्याने काढल्या. त्याची वसाहत १९९० नंतर मक्याच्या शेतावर उभी राहिली, तेव्हा वंशाची अट निघाली नाही. निघाला तो झोनिंगचा नकाशा, ज्यात आसपास कुठेच भाड्याच्या सदनिका बांधता येत नाहीत. गेल्या महिन्यात कुणीतरी तिथे तीन मजली इमारतीची परवानगी मागितली, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या मराठी गटावर ‘आपल्या घरांचे भाव पडतील’ असा निरोप फिरला. भाचा सुनावणीला गेला, मागच्या रांगेत बसला. पुढची सुनावणी येत्या महिन्यात आहे.